कवचावर कवच : प्रस्तावना

एखाद्या योद्ध्याच्या अंगी अग्नीचा दाह निम्मा करण्याचे उपजत सामर्थ्य आहे, त्याच्या बोटातील अंगठीतही तोच गुण आहे, आणि बरोबरच्या मांत्रिकाने त्याच फळाचा मंत्र त्याच्यावर आधीच घालून ठेवला आहे. अशा योद्ध्यावर अग्नीचा गोळा येऊन कोसळला, तर त्याने सोसावयाचा दाह निम्मा धरावा, पाव धरावा, की अष्टमांश धरावा, हा प्रश्न ज्याने भूमिकाखेळाच्या मेजाभोवती बसून कधी ऐकलेला नाही, त्याला तो पोरकट वाटण्याचा संभव आहे. ज्याने ऐकला आहे त्याला मात्र ठाऊक असते की, या एका प्रश्नापायी रंगात आलेला डाव खोळंबतो, एरवी अबोल असणारे खेळाडू वकिली पवित्रा घेतात, आणि ज्याच्या हाती निर्णय सोपवलेला असतो तो सूत्रधार नियमग्रंथाची पाने मागेपुढे करीत राहतो. प्रस्तुत पुस्तक याच प्रश्नाला वाहिलेले आहे. आघात सौम्य करणाऱ्या अनेक शक्ती एकाच पात्राच्या ठायी एकत्र आल्या असता त्यांचा परस्परांशी व्यवहार कसा ठरवावा, याची त्यात साद्यंत चर्चा आहे. आणि विषय वरकरणी दिसतो तितका अरुंद नाही, हे वाचकाच्या ध्यानात आणून देणे एवढेच या प्रस्तावनेचे प्रयोजन आहे.

ज्यांना या खेळाचा परिचय नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र धारण करतो, सूत्रधार त्या पात्रांपुढे एक कल्पित जग उभे करतो, आणि पात्राने जे योजले ते सिद्धीस गेले की नाही याचा फैसला फासे आणि नियम मिळून करतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला आणि या प्रकाराला त्याचे रूढ रूप मिळाले. पण त्याचे कुळ त्याहून जुने आहे. प्रशियाच्या सैन्यातील फॉन राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली युद्धखेळाचे जे नियम छापले, त्यांत हानीचे तक्ते होते, फासे होते, आणि दोन्ही पक्षांवर एक तटस्थ पंचही होता. पुढे १८७६ साली फेर्डी द्यु व्हेर्नुआ या दुसऱ्या प्रशियन अधिकाऱ्याने या तक्त्यांचे ओझे झुगारून पंचाच्या अनुभवावर आणि विवेकावरच सारा भार टाकावा, असे प्रतिपादन केले. नियमाचा तक्ता मोठा की पंचाचा विवेक मोठा, हा तेथे सुरू झालेला वाद अद्याप संपलेला नाही, आणि प्रतिकारशक्तींचा प्रश्न हे त्या वादाचे आजचे सर्वांत गजबजलेले ठाणे आहे.

हे लेखन सातपुड्याच्या पायथ्याशी, गुजरातच्या सीमेजवळच्या खापर या गावी होत आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु नाशिकला किंवा सुरतेला शिकावयास गेलेली मुले होळीच्या सुटीत घरी परततात, तेव्हा त्यांच्या पिशवीत बहुफलकी फासे आणि मोबाइलमध्ये नियमांच्या प्रती असतात. आणि ज्या गावात देहवाली, अहिराणी, गुजराती आणि मराठी या भाषा एकाच ओट्यावर बोलल्या जातात, तेथे 'माझे दोन्ही रेझिस्टन्स स्टॅक होतात की नाही, ते आधी सांग' असे वाक्य कानी पडले तर त्यात आता काही अप्रूप उरलेले नाही. अडचण भाषेची नसून पाठभेदाची आहे. एकाने खेळाची एक आवृत्ती वाचलेली असते, दुसऱ्याने दुसरी, तिसऱ्याने भलताच खेळ शिकलेला असतो; तिघेही आपापल्या ग्रंथाला धरून बरोबर असतात, आणि तिघांची उत्तरे तीन असतात. अशा वेळी केवळ एका ग्रंथाचा आधार दाखवून भागत नाही. निरनिराळ्या ग्रंथांनी निरनिराळी उत्तरे का दिली, त्या प्रत्येक उत्तरामागे कोणती दृष्टी होती, हे समजल्यावाचून वाद मिटत नाही, फक्त थकतो.

प्रथम संरक्षणाचे प्रकार नीट वेगळे करून घेतले पाहिजेत, कारण बहुतेक तंटे हे भिन्न जातीच्या गोष्टींना एकच नाव दिल्यामुळे उपजतात. पहिला प्रकार निवारणाचा : ढाल, चिलखत, चपळाई यांमुळे वार मुळात लागतच नाही. दुसरा वजावटीचा : वार लागतो, पण त्याच्या अंकातून ठरावीक रक्कम वजा होते. तिसरा विभागणीचा : अंक कितीही असो, त्याचा निम्मा किंवा ठरलेला अंश तेवढा रुजू होतो. चौथा अबाध्यतेचा : त्या जातीचा आघात पात्राच्या बाबतीत शून्यच मानला जातो. आणि पाचवा अनामतीचा : पात्राच्या प्राणांकांच्या, ज्यांना खेळाडू हिट पॉइंट म्हणतात त्यांच्या, आधी एक वेगळी राखीव शिल्लक खर्ची पडते व ती संपल्यावरच मूळ भांडवलाला हात लागतो. पाचही प्रकारांचा हेतू एकच असला तरी त्यांचे गणित एक नाही. पाचांची वजावट ज्याच्यापाशी आहे, त्याला पाचपाच अंकांचे दहा वार मुळीच बाधत नाहीत, पण पन्नास अंकांचा एकच वार पंचेचाळीसांनी बाधतो; विभागणीचे सामर्थ्य ज्याच्यापाशी आहे, त्याला त्या पन्नासांचे पंचवीस आणि दहा लहान वारांचे, प्रत्येकी अपूर्णांक सोडून, एकंदर वीस सोसावे लागतात. वजावट मच्छरांच्या झुंडीपासून वाचवते, विभागणी राक्षसाच्या गदेपासून; हा भेद ओळखल्याशिवाय दोहोंची बेरीज करू पाहणारा खेळाडू रुपये आणि शेर एकाच रकान्यात मांडतो.

आता मुख्य प्रश्न. एकाच जातीची दोन संरक्षणे एकत्र आली, तर काय होते? बहुतेक नियमकर्त्यांनी याचे उत्तर असे दिले आहे की, दोहोंतील सरस असेल ते एकटेच चालावे. बाजारात आणण्यापूर्वी ज्वारी एका चाळणीतून चाळली आणि मग तेवढ्याच छिद्रांच्या दुसऱ्या चाळणीतून पुन्हा चाळली, तर दुसऱ्या खेपेस नवे काही अडकत नाही. आणि दुसरी चाळणी अधिक बारीक असेल, तर पहिलीने जे अडवले असते तेही ती एकटीच अडवते. सरस संरक्षणाचा नियम संरक्षणांना अशा चाळण्या मानतो. त्याच्या उलट बेरजेचा नियम त्यांना भिंती मानतो, एकीमागे एक उभ्या केलेल्या, प्रत्येक भिंत आपल्या जाडीइतका आघात गिळणारी. दोन्ही कल्पना तर्कशुद्ध आहेत. कोणत्या खेळाने कोणती पत्करली, याचा इतिहास मात्र मनोरंजक आहे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या आरंभीच्या रूपात संरक्षण म्हणजे प्रामुख्याने निवारणच होते, म्हणून हा प्रश्न चिलखताच्या अंकापुरताच उद्भवत असे. तरीही १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथात गायगॅक्सने अशी तरतूद करून ठेवली होती की, संरक्षणाची जादूई अंगठी आणि जादूई चिलखत यांचा चिलखताच्या अंकापुरता लाभ एकत्र मिळू नये. एकाच पात्राने सर्व खजिना अंगावर चढवून अजिंक्य होऊ नये, हा त्यातला उद्देश स्पष्ट आहे. २००० साली तिसरी आवृत्ती आणि २००३ साली तिची सुधारून वाढवलेली प्रत निघाली, तेव्हा वजावटीला स्वतंत्र कलम मिळाले. एकाहून अधिक मुळांतून आलेली वजावट एकत्र धरू नये, त्या त्या प्रसंगी जी सर्वांत हितकर असेल तीच लागू करावी, असे तेथे सांगितले आहे. सातव्या पातळीच्या रानटी योद्ध्याला स्वतःची एकाची वजावट मिळते. त्याने अदमंतीय धातूचे मध्यम चिलखत घातले तर त्याची दोनांची वजावट मिळते. पण हिशेबात धरावयाचे ते दोनच, तीन नव्हेत. यातील 'त्या त्या प्रसंगी' ही अट महत्त्वाची आहे. एखाद्या पात्रापाशी रुप्याच्या शस्त्राखेरीज इतर सर्वांना दहाची वजावट आणि शिवाय कोणत्याही शस्त्राला पाचाची वजावट असेल, तर लोखंडी तलवारीपुढे दहा चालतात आणि रुप्याच्या सुरीपुढे पाच. दुय्यम संरक्षण निरुपयोगी नसते; ते मुख्य संरक्षणाच्या भगदाडावर पहारा देत असते.

त्याच आवृत्तीत भिन्न प्रकारांच्या एकत्र येण्याचे एक सुरेख उदाहरण आहे. एक मंत्र अग्नीच्या प्रत्येक आघातातून ठरावीक वजावट करतो, दुसरा मंत्र अनामतीसारखा एकंदर ठरलेल्या बेरजेपर्यंत अग्नी शोषून घेतो व मग संपतो. सातव्या पातळीच्या मांत्रिकाने घातल्यास पहिल्याची वजावट वीसांची आणि दुसऱ्याची अनामत चौऱ्याऐंशींची असते. दोन्ही मंत्र एकाच पात्रावर असता तीसांचा अग्नी आला, तर आधी वीस वजा करून उरलेले दहा अनामतीतून काढावे, म्हणजे अनामत पुष्कळ दिवस पुरेल, असे कोणाही काटकसरी खेळाडूला वाटेल. ग्रंथाचा निर्णय मात्र याविरुद्ध आहे. ही दोन्ही संरक्षणे परस्परांवर पसरतात, परस्परांत मिळत नाहीत. अनामत संपेपर्यंत सर्व तीसांचा भार तिच्यावरच पडतो, चौऱ्याऐंशींचे चौपन्न उरतात, आणि वजावटीचा मंत्र तोवर स्वस्थ बसतो. या निर्णयामागे हिशेबी सोय आहे तशी एक नीतीही आहे : दोन मंत्र खर्च करणाऱ्याला लाभ मिळावा, पण तो आगीत बसून जेवण्याइतका होऊ नये.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीनेही सरस तेवढेच धरण्याचा नियम कायम ठेवला, पण २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने बव्हंशी वजावट काढून टाकून तिच्या जागी विभागणी आणली, आणि सर्व प्रतिकार म्हणजे निम्मे, असा सरळ ठराव केला. त्याबरोबरच असेही स्पष्ट केले की, एकाच आघातावर कितीही प्रतिकार लागू होत असले तरी ते सर्व मिळून एकच मोजावा. अग्नीला प्रतिकार आणि जादूविरहित सर्व आघातांना प्रतिकार, असे दोन्ही ज्याच्यापाशी आहेत, त्याला साध्या विस्तवाचा निम्मा दाह होतो, पाव होत नाही. तेव्हा आरंभी मांडलेल्या योद्ध्याच्या प्रश्नाला या आवृत्तीपुरते उत्तर निःसंदिग्ध आहे : निम्मा. पण येथेच नवशिक्यांची दुसरी गफलत होते. हा नियम 'प्रतिकार' या संज्ञेपुरता आहे, निम्मे करणाऱ्या प्रत्येक गोष्टीपुरता नाही. अग्निगोलापासून अंग चोरण्यात पात्र यशस्वी झाले तर अठ्ठावीसांचे चौदा होतात, ते प्रतिकारामुळे नव्हे. म्हणून मग प्रतिकाराने त्या चौदांचे सात होऊ शकतात. त्याचप्रमाणे चोर-वर्गातील पात्र ऐन वेळी वार हुकवून आघात निम्मा करते, तेही प्रतिकार नसल्यामुळे, रानटी योद्ध्याच्या क्रोधातून येणाऱ्या प्रतिकाराबरोबर नांदू शकते. बत्तीसांचे सोळा, सोळांचे आठ. एकजातीय संरक्षणे एकमेकांना गिळतात, भिन्नजातीय संरक्षणे एकमेकांना साहाय्य करतात. सर्व आवृत्त्यांतून शोधून काढता येण्याजोगे एखादे सूत्र असेल तर ते हे आहे.

बेरजेचा पक्षही दुबळा नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. १९७८ साली निघालेल्या 'रूनक्वेस्ट' या खेळात शरीराच्या अवयवागणिक चिलखत मोजले जाते. वार अडवणारी ढाल आपला वाटा आधी गिळते, उरलेला चिलखतावर पडतो, आणि त्यातूनही जे शिल्लक राहते तेच मांसापर्यंत पोचते. १९८६ सालच्या 'वॉरहॅमर' भूमिकाखेळात पात्राची अंगभूत चिवटता आणि चिलखताचा अंक हे दोन्ही आघातातून वजा होतात, आणि त्याच साली आलेल्या 'गर्प्स'मध्ये थरावर थर चढवलेल्या चिलखतांची वजावट एकत्र केली जाते, मात्र तलवारीने कापले की भाल्याने भोसकले याचा वाढावा हा सर्व थर भेदून आत शिरलेल्या शिलकीवरच धरतात. या खेळांना युद्धाचे शारीर सत्य दाखवावयाचे आहे. लोखंडाखाली कातडे आणि कातड्याखाली गोधडी असेल तर वार तिन्हींतून जातो, हे त्यांना विसरावयाचे नाही. ज्या खेळांना वीरकथा सांगावयाची आहे त्यांना मात्र असा अभेद्य थर परवडत नाही, कारण ज्याला काहीच लागत नाही त्याच्या पराक्रमाची कथा होत नाही. उत्तरातील भेद हा असा गणिताचा नसून साहित्यदृष्टीचा आहे.

जातीनंतर क्रमाचा विचार येतो, आणि येथे गणित आपले तेज दाखवते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत जड चिलखतावरील प्रभुत्वाने मिळणारी तीनांची वजावट आणि पाषाणत्वचेच्या मंत्राने मिळणारा प्रतिकार एकाच पात्रापाशी असता त्याच्यावर साध्या तलवारीचा सत्तावीसांचा वार बसला, असे धरू. आधी वजावट आणि मग विभागणी केली तर सत्तावीसांचे चोवीस आणि चोवीसांचे बारा होतात. आधी विभागणी केली तर अपूर्णांक सोडून तेरा आणि मग दहा. बचाव करणाऱ्याला दुसरा क्रम सहसा अधिक लाभाचा असतो, कारण पहिल्या क्रमात त्याची वजावटही आघाताबरोबर निम्मी होऊन बसते. ग्रंथाने पहिला क्रम स्वीकारला आहे : आधी सर्व वाढघट, मग प्रतिकार, मग आघात दुप्पट करणारी दुर्बलता. २०२४ च्या सुधारित प्रतीत हाच क्रम अधिक स्पष्ट शब्दांत आला आहे. त्यानुसार अठ्ठावीसांच्या अग्नीतून पाच वजा जाऊन तेवीस, प्रतिकाराने अकरा, आणि त्याच पात्राच्या अंगी अग्नीची दुर्बलताही असल्यास दुप्पट होऊन बावीस होतात. प्रतिकार आणि दुर्बलता परस्परांना खोडून तेवीस राहतील अशी अपेक्षा करणाऱ्याला तो गळालेला एक अंक खटकतो. पण नियमाची शिस्त त्या एका अंकापेक्षा मोलाची आहे, एवढेच त्यावर उत्तर.

तिसरा विचार अंशाचा. एकच वार दोन जातींचा आघात करतो, तेव्हा संरक्षण एकूण वारावर धरावे की प्रत्येक अंशावर वेगळे? ज्या वारात दोन्ही जाती एकजीव झालेल्या आहेत त्याला प्रतिकार करावयाचा, तर दोन्ही जातींचा प्रतिकार जवळ असला पाहिजे आणि त्यांतील कनिष्ठ असेल तोच चालेल, असे चौथ्या आवृत्तीचे मत होते. याच्या बरोबर उलट, २०१९ साली निघालेल्या 'पाथफाइंडर' या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्व आघातांचा प्रतिकार ज्याच्यापाशी आहे त्याला तो प्रत्येक जातीच्या अंशावर स्वतंत्रपणे मिळतो : सात अंकांची जखम आणि चार अंकांचा दाह असा वार पाचांच्या प्रतिकारावर आला, तर जखमेचे दोन उरतात आणि दाह समूळ नाहीसा होतो. मात्र एकाच अंशावर दोन प्रतिकार पडले, तर मोठा तेवढाच चालावा, हेही तोच ग्रंथ सांगतो. म्हणजे प्रश्न 'किती प्रतिकार' हा नसून 'आघात किती' हा आहे, आणि तो आधी सोडवावा लागतो.

जाती, क्रम आणि अंश या तीन विचारांची नावे घेतली की, आपल्याकडील शास्त्राशी ज्याचा थोडाही परिचय आहे त्याला ही भूमी अपरिचित वाटणार नाही. अनेक विधी एकाच कर्मावर येऊन पडले असता त्यांचा मेळ कसा घालावा, हाच तर पूर्वमीमांसेचा प्राण आहे. मीमांसासूत्रकार जैमिनीच्या बारा अध्यायांपैकी पाचवा क्रमाला, दहावा बाधाला आणि अकरावा तंत्राला वाहिलेला आहे. तंत्र म्हणजे एकदाच केलेल्या अंगकर्माने अनेक प्रधानकर्मांचे काम भागणे. दर्शपूर्णमास यागात प्रयाज नावाच्या आरंभीच्या आहुती एकदाच होतात आणि सर्व प्रधान आहुतींना पुरतात. अनेक प्रतिकार मिळून एक मोजावा, हा पाचव्या आवृत्तीचा नियम याच वळणाचा आहे. बाधाचे प्रसिद्ध उदाहरण सोन्याच्या गुंजांचे : धान्याच्या जागी सोन्याचे कण शिजवावयास सांगितले असता कांडण गळून पडते, कारण सोन्याला कोंडा नाही आणि कांडण्याचे प्रयोजनच उरले नाही. ज्याला अग्नी मुळीच बाधत नाही, त्याच्या बाबतीत निम्मे करण्याचा विधी असाच गळतो. तांदूळ किंवा जव, दोहोंपैकी एकाचाच पुरोडाश करावा, हा विकल्प. अनामत प्राणांक नवे मिळाले असता जुने ठेवावे की नवे घ्यावे, पण दोन्ही मिळवू नयेत, हा नियम विकल्पाच्या घरचा आहे. आणि जेथे दोन्ही करावयाचे तेथे समुच्चय. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे केवलानंद सरस्वती यांनी मीमांसाकोशाचे जे प्रचंड काम केले, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या अखेरच्या खंडात मीमांसेच्या न्यायांचे जे विवेचन केले, ते करताना फाशांचा खेळ त्यांच्या स्वप्नातही नसणार. परंतु नियमांचा कलह हा विषय ज्यांना गंभीरपणे अभ्यासावयाचा आहे, त्यांना मराठी मुलुखातच केवढी सामग्री सिद्ध आहे, हे यावरून कळून येईल.

व्यवहारातील उदाहरण तर खापरच्या वाचकाला घराजवळच मिळेल. हे गाव ज्या अक्कलकुवा तालुक्यात आहे तो १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित क्षेत्रात मोडतो. येथील आदिवासी खातेदाराच्या जमिनीला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ संरक्षण देते. जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीवाचून ती बिगर-आदिवासीच्या नावे होऊ शकत नाही. शिवाय १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील जमिनीचे हस्तांतरण रोखण्याचे सामर्थ्य ग्रामसभेला असावे असे ठरवले. येथे अधिक बळकट संरक्षण कोणते ते पाहून दुसरे बाजूला सारावे, असे कोणी म्हणत नाही. दोन्ही आपापल्या जागी उभी असतात आणि व्यवहाराला प्रत्येकासमोर स्वतंत्रपणे हजर व्हावे लागते. जेथे जीवनाधार पणाला लागलेला आहे तेथे विधिकर्ता समुच्चय पत्करतो. जेथे खेळातील समतोल राखावयाचा आहे तेथे नियमकर्ता सरस तेवढे धरतो. संरक्षणे मिळवावीत की नाही, याचे उत्तर संरक्षणांच्या स्वभावातून निघत नसून, कोणासाठी काय राखावयाचे आहे यावरून निघते, हा या पुस्तकाचा मध्यवर्ती सिद्धांत आहे आणि तो मला सर्वस्वी मान्य आहे.

संरक्षणांची रास म्हणजे अजिंक्यता नव्हे, हे तर आपल्या पुराणांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. हिरण्यकशिपूने मागितलेले वर हे अबाध्यतांची यादीच होते : दिवस नको, रात्र नको, घरात नको, बाहेर नको, माणूस नको, पशू नको. प्रत्येक कलम निर्दोष होते, पण दोन कलमांच्या मधली सीमारेषा कोणत्याही कलमात आलेली नव्हती, आणि नरसिंह नेमका त्या रेषेवर उभा राहिला. द्रोणाने दुर्योधनाच्या अंगावर अभेद्य कवच बांधले, तेव्हा अर्जुनाने कवच भेदण्याचा हट्ट सोडून त्याच्या उघड्या हातांचा वेध घेतला. सूत्रधाराने या दोन कथा नित्य स्मरणात ठेवाव्यात. खेळाडूने न्यायाने मिळवलेले संरक्षण त्याला लटक्या अर्थाने नाकारणे हा अन्याय आहे. ते पूर्णपणे मान्य करून त्याच्या कक्षेबाहेरचे संकट उभे करणे ही कला आहे.

एक आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. खेळ हा मनोरंजनासाठी आहे, त्यात इतका बारीक काथ्याकूट कशाला. सूत्रधाराने मनास येईल तो अंक सांगावा आणि डाव पुढे न्यावा, असे फेर्डीचे आधुनिक अनुयायी म्हणतील. अनुभवी सूत्रधार आणि परस्परांवर विश्वास असलेले खेळाडू असतील तेथे हे म्हणणे खरे आहे. परंतु विवेकावर चालणाऱ्या निर्णयालाही एक बंधन असते : तो आज एकाला आणि उद्या दुसऱ्याला निराळा देता येत नाही. पात्र घडवताना खेळाडू जे मार्ग सोडून देतो, ते नियमावर विसंबून सोडतो. अंगठी घ्यावी की तलवार, हा मंत्र शिकावा की तो, हे सारे त्याने संरक्षणांच्या व्यवहाराविषयी काहीएक समजूत बाळगूनच ठरवलेले असते. ऐन संकटात ती समजूत चुकीची ठरवली गेली, तर त्याचे वीस अंक जातात हे दुःख लहान. त्याने महिनोगणती केलेली निवड व्यर्थ ठरते हे दुःख मोठे. म्हणून निर्णय उदार आहे की कठोर, यापेक्षा तो फासे पडण्यापूर्वी सर्वांना ठाऊक होता की नाही, याला अधिक महत्त्व आहे.

पुस्तकाच्या रचनेविषयी दोन शब्द सांगून आटोपते घेतो. पहिल्या भागात संरक्षणाच्या पाच प्रकारांचे लक्षणांसह विवेचन आहे; दुसऱ्यात प्रमुख खेळांचे नियम आवृत्तीवार दिले आहेत, आणि ज्यांना फक्त निर्णय हवा आहे त्यांनी तो भाग कोशाप्रमाणे वापरावा; तिसऱ्यात सोडवून दाखवलेली उदाहरणे आहेत, ती मात्र क्रमानेच वाचावीत, कारण प्रत्येक उदाहरण आधीच्याच्या खांद्यावर उभे आहे. परिभाषा मराठीत घडवताना लेखकाने हट्ट धरलेला नाही. मेजावर जे शब्द बोलले जातात ते राहू दिले आहेत, आणि जेथे मराठी शब्दाने विचार अधिक स्वच्छ होतो तेथेच तो योजला आहे. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर काही तपशील जुने होतील, हे उघड आहे. तरीही ज्या वाचकाने जाती, क्रम आणि अंश हे तीन प्रश्न विचारावयाची सवय लावून घेतली, त्याला उद्याचा नियमही परका वाटणार नाही. या पुस्तकात नसलेला एखादा प्रसंग मेजावर उभा राहिलाच, तर त्याने ते तीन प्रश्न विचारावेत, मिळालेले उत्तर मोठ्याने सांगावे, वहीत नोंदवावे, आणि पुढच्या वेळी ते आपल्याविरुद्ध गेले तरी पाळावे.

खापर, ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार